भंगारातला पार्ट स्वस्त, भाडे कोणाच्या बोडक्यावर?

(खापा येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलायचे सोडून आम्ही भंगारावर बोलायला उभे राहिलो, याचे काहींना हसू येईल. हसा. पण बाहेर ज्या जीपा, पिकअप आणि ट्रॅक्टर उभे आहेत, त्यांतल्या किती गाड्यांचे पार्ट पहिल्यापासूनचे आहेत, ते एकमेकांना विचारा. नवी गाडी घ्यावी एवढे कोरडवाहू कपाशी-ज्वारीने आपल्या हातात कधी ठेवलेच नाही. जुनी गाडी घ्यायची, ती जुन्या पार्टवर चालवायची, ही आपली रीत. ती चुकीचीही नाही. चूक होते ती हिशेबात.

आमचीच फजिती सांगतो. आम्हा चौघांची मिळून एक जुनी जीप आहे. ऐन वेचणीच्या दिवसांत तिचा गिअरबॉक्स गेला. नागपुरात जुना गिअरबॉक्स चौदा हजारांना मिळत होता. तेवढ्यात दिल्लीच्या एका भंगारवाल्याचा फोटो मोबाईलवर आला. भाव नऊ हजार! पाच हजार वाचले म्हणून आम्ही खूश. पैसे पाठवून मोकळे झालो. भाड्याचे कोणी विचारलेच नाही. फोटोत वजन दिसत नाही ना!

बिल्टी आली ती ‘टू पे’. म्हणजे भाडे माल सोडवताना आपण द्यायचे. दुकानदाराने लाकडी पेटीचे ९०० रुपये आधीच वेगळे घेतले होते. माल खाप्याला येणार नव्हताच, तो वाडीच्या गोदामात उतरला. तिथे भाडे २,१५० रुपये, बिल्टी आणि हमालीचे ३५०. आम्हाला निरोप उशिरा मिळाला, पेटी पडून राहिली, त्याचे ४०० रुपये डेमरेज. वाडीहून खाप्यापर्यंत छोट्या गाडीचे १,६०० रुपये. बेरीज करा. ५,४०० रुपये. नऊ हजारांचा माल १४,४०० रुपयांना दारात आला. पेटी उघडली तर केसिंगचा एक कान तुटलेला. दुकानदार म्हणाला, इथून धडधाकट निघाला. ट्रान्सपोर्टवाल्याने बिल्टीवरची बारीक अक्षरे दाखवली, माल मालकाच्या जोखमीवर. परत पाठवावा तर ते भाडेही आमचेच. शेवटी १,२०० रुपये देऊन कान वेल्डिंगने जोडून घेतला. एकूण १५,६०० रुपये. यात नऊ दिवस जीप उभी राहिली आणि कापसासाठी दुसऱ्याची गाडी सांगावी लागली, ते धरलेले नाही.

यात लबाडी कोणाची? खरे सांगायचे तर फारशी कोणाचीच नाही. जे विचारायचे ते आम्ही विचारले नाही. व्यापारी मालाचा भाव कधीच एकटा पाहत नाही. भाडे, हमाली, घट, सगळे चढवून तो ‘पडता’ काढतो आणि मग सौदा करतो. आपला कापूस घेताना तर तो पुढच्या बाजाराचे भाडे आधीच वजा करून आपल्याला भाव सांगतो. म्हणजे कापूस जातो तेव्हाही भाडे आपल्या बोडक्यावर आणि लोखंड येते तेव्हाही आपल्याच. ज्यांची सरकारदरबारी चलती, त्यांची गोष्ट वेगळी. १९५० च्या दशकापासून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत देशात पोलादासाठी भाडे समानीकरणाचे धोरण होते. कारखाना कुठेही असो, गिऱ्हाइकाला पोलाद सगळीकडे जवळपास एकाच भावात. भाड्याचा भार सगळ्यांवर मिळून वाटलेला. कापसासाठी असे काही केल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

भाड्याची दुसरी खोच जागेची आहे, आणि ती कापूसवाल्याला शिकवायला नको. बंडीत सुटा कापूस भरला की बंडी भरते, वजन भरत नाही. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. डब्यात सुटा कापूस भरला तर मुंबईपर्यंत निम्मी हवाच वाहावी लागणार. म्हणून कापूस दाबून गाठी बांधायच्या. आजही गाठ १७० किलोची बांधतात. कुरियरवाल्याचे गणितही तेच. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बरेचजण ५,००० ने भागतात आणि जे वजन जास्त येईल त्याचे पैसे घेतात. गाडीचा बंपर पाच-सहा किलोचा. पण त्याचे खोके १५० बाय ५० बाय ४० चे झाले तर हिशेबाचे वजन ६० किलो! म्हणून बंपर, बॉनेट, दरवाजा असला फुगीर माल लांबून मागवूच नका, तो नागपुरातच शोधा. उलट अल्टरनेटर, स्टार्टर, स्टिअरिंग बॉक्स हा लहान आणि दामाचा माल. तो दुरून आणला तर एखादे वेळी परवडतो. मात्र ट्रान्सपोर्टमध्ये कमीत कमी वजनाचा दर असतो. आठ किलोच्या पार्टला पन्नास किलोचे भाडे लागू शकते.

पैसे पाठवण्याआधी दुकानदाराला एकच गोष्ट विचारा, खाप्यात पोचता भाव किती? त्याला वाडीपर्यंतचाच सांगता आला तर पुढचे भाडे आपण जोडायचे. ऑइल काढून काट्यावर ठेवलेल्या पार्टचा फोटो मागा. ऑइल राहिले तर पेटी पाझरते आणि दुसऱ्याचा माल खराब झाल्याचे भांडण वेगळेच. पार्ट बसला नाही तर परतीचे भाडे कोणाचे, हे मोबाईलवर लिहून घ्या. पेटी गोदामातच उघडा, मोडतोड दिसली तर पोचपावतीवर लिहूनच सही करा. २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्याप्रमाणे माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत ट्रान्सपोर्टवाल्याला लेखी नोटीस दिली नसेल तर पुढे दावा करता येत नाही.

आणि पक्के बिल घ्या. मेरठच्या सोतीगंजमध्ये चोरीच्या गाड्या तोडून विकण्याचा धंदा होता. डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी तो बाजार बंद पाडला. असल्या ठिकाणचे इंजिन तुमच्या गाडीत निघाले तर ते कोणाच्या दारी जातील? इंजिन बदलले की आरटीओत नोंदही करावी लागते आणि तिथे बिलाशिवाय कोणी दारात उभे करत नाही.

आता कामाचे. एकट्याने वाडीला गाडी केली तर १,६०० रुपये, पाचजणांनी केली तर माणशी ३२०. तिकडून येणारा माल एकाच बिल्टीत आला तर कमीत कमी वजनाचा फटकाही एकदाच. बाहेर टेबलावर वही ठेवली आहे. ज्याला जो पार्ट हवा त्याने गाडीचे मॉडेल, साल आणि जुन्या पार्टवर कोरलेला नंबर लिहावा. नंबर चुकला तर जाण्या-येण्याचे दोन्ही भाडे पाण्यात, म्हणून पार्ट पुसून, उजेडात पाहून लिहा. पोळ्याच्या आत आमच्यातले दोघे नागपूरचे भंगार पालथे घालतील. तिथे जे मिळणार नाही तेवढ्याचाच दिल्ली-मुंबईचा पडता काढून पुढच्या बैठकीत वाचून दाखवू. वेचणी लागल्यावर मग धावपळ नको.