आजीच्या घरचा मे महिना

२०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत धावू लागली आणि मुंबईची नातवंडं सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पालघर-बोईसरला पोचू लागली. मे महिन्यात सगळ्यांना आजीचंच घर हवं असतं. ताडगोळे हवेत, घोलवडचे चिकू हवेत, चिंचणीचा किनारा हवा.

पण आजीची बेगमीही याच महिन्यात असते. १ जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, म्हणून सुकट, सुके बोंबील आधीच भरायचे. पापड, मसाला, लाकडंही पावसाआधीच. त्यात आठ-दहा माणसांचं पाणी आणि रांधणं. गुडघे दुखले तरी ती बोलत नाही, कारण घर वर्षातून एकदाच भरतं. मग जूनमध्ये तिचा बचतीचा हप्ता थकतो, नाहीतर ती गटाकडे कर्ज मागते. हे आम्ही वहीत दरवर्षी पाहतो.

म्हणून आम्ही बैठकीत ठरवलं, पाहुणचार आजीचा, काम सगळ्यांचं. येताना खाऊबरोबर तेल, साखर, डाळ आणावी. मुलगे-जावयांनी पाणी भरावं. नातवंडांनी पापड राखावेत. दिवाळीपासून दरमहा थोडे पैसे पाहुण्यांसाठी वेगळे ठेवावेत.

आणि एक दिवस आजीला सुट्टी द्यावी. त्या दिवशी चूल घरातले सांभाळतील. आजी केळव्याला नाहीतर तारापूरला मैत्रिणीकडे जाईल, बसून आयता चहा पिईल. पाहुणी व्हायचा हक्क तिलाही आहे.

तुमच्या घरी तो दिवस कोणता, ते पुढच्या बैठकीत सांगा.