पडवीतील यंत्रशाळा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरवर्षी वकील, प्राध्यापक, डॉक्टर अशी विद्वान मंडळी बोलतात. यंदा चिटणीसांनी काळ्या नखांच्या माणसास उभे केले आहे. तेव्हा अलंकारिक भाषणाची अपेक्षा कोणी ठेवू नये. लाकूड कापण्याची चेनसॉ, गवत कापण्याचे ग्रासकटर, बागेतील फवारणीचे पंप अशी लहान इंजिने आम्ही दुरुस्त करतो, आणि तीही घराच्या पडवीत. जेथे आमच्या वडिलांची ऐरण आणि भाता होता, तेथेच आज आमचे मेज आहे. वडील कोयत्यास पाणी देत, नांगराच्या फाळास धार काढून देत. पुढे तयार कोयते बाजारातून येऊ लागले आणि भाता थंडावला. तथापि गिऱ्हाईक तेच राहिले. पूर्वी ते कोयता घेऊन पडवीत येई, आता चेनसॉ घेऊन येते. म्हणून आम्ही वडिलार्जित धंदा सोडला, असे आम्हांस वाटत नाही.

हे यंत्र मूळचे परदेशी. स्टटगार्ट येथे आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली विजेवर चालणारी साखळी-करवत तयार केली. ती उचलावयास दोन माणसे लागत. आज तेच काम करणारे पेट्रोलचे यंत्र एकटा माणूस हातात धरून चालवितो. त्यातील इंजिन दोन ठोक्यांचे असते. त्यास मोटारीसारखे वेगळे वंगण नसते. पेट्रोलात मिसळलेले तेल हेच त्याचे वंगण. कारखान्याने सांगितले असेल त्याप्रमाणे लिटरास २० मिलिलिटर किंवा ४० मिलिलिटर तेल मोजून घालावे लागते. आमच्याकडे ते बुचाने, अंदाजाने आणि पुष्कळदा आठवण राहिली तर घालतात! तेलावाचून चाललेल्या यंत्राचा सायलेन्सर काढून आत डोकावले, की पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे दिसतात. ते दिसल्यावर आम्ही पुढे काही बोलत नाही, फक्त मालकास जवळ बोलावून दाखवितो.

परंतु असे मोठे दुखणे क्वचित. बहुतेक यंत्रे क्षुल्लक कारणाने बंद पडलेली असतात, आणि कारागिराची परीक्षा होते ती तेथेच. प्रथम प्लग काढून पाहावा. तो ओला असेल तर पेट्रोल पोचते आहे, म्हणजे ठिणगीकडे वळावे. कोरडा असेल तर टाकीतील फिल्टर, रबरी नळी आणि कार्बोरेटरचा पडदा पाहावा. हा क्रम ऐकावयास पोरखेळ वाटतो. पण उमेदवारीच्या काळात आम्ही एक चेनसॉ दोन दिवस उघडून बसलो होतो. सुरू होई, पाच मिनिटे चाले आणि मरे. कार्बोरेटर तीनदा धुतला, कॉइल बदलून पाहिली. शेवटी पेट्रोल घालावे म्हणून टाकीचे झाकण सैल केले, तो हुस्स असा आवाज झाला. टाकीत हवा शिरण्याचे सुईएवढे छिद्र भुशाने बुजले होते! हवा आत जाईना, म्हणून पेट्रोल बाहेर येईना. त्या दोन दिवसांचे पैसे आम्ही घेतले नाहीत. पण शिकवणी म्हणून ती स्वस्तच पडली.

अलीकडे एक नवे कारण पुढे आले आहे. २०२५ पर्यंत आपल्याकडील पेट्रोलात इथेनॉलचे प्रमाण शेकडा २० वर गेले. इथेनॉल हवेतील ओल ओढून घेते, आणि कोकणातील पावसाळ्यात ओलीस काय तोटा? चेनसॉ जूनमध्ये माळ्यावर चढते ती दिवाळीनंतर खाली येते. तोपर्यंत टाकीच्या तळाशी पाणी जमते, जुनी रबरी नळी आणि कार्बोरेटरचे पडदे कडक किंवा भुसभुशीत होतात. सबब ज्यांच्या घरी यंत्र आहे त्यांनी पावसापूर्वी टाकी रिकामी करावी आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून मगच ते ठेवावे. भगिनींनी हे लक्षात ठेवल्यास बरे, पुरुषमंडळी विसरतात.

आता थोडे अवांतर. मुलगा पडवीत इंजिने दुरुस्त करतो असे कळले, की सोयरिकीस आलेले पाहुणे चहा घेऊन उठतात. तोच मुलगा मुंबईस दहा बाय दहाच्या खोलीत राहून दुसऱ्याच्या कारखान्यात हीच इंजिने दुरुस्त करीत असेल, तर मात्र स्थळ चांगले ठरते. यातील न्याय आम्हांस अद्याप उमगलेला नाही. मंडळाच्या वधूवर समितीने याचा जरूर विचार करावा.

एक गोष्ट सांगावयाची राहिली आणि ती सांगण्यास मन घेत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. सुपारीच्या बागा झोपल्या, आंबे-फणस घरांवर आणि रस्त्यांवर आडवे झाले, वीज गेली. पडवीत यंत्रांची रांग लागली. आम्ही रात्री कंदिलाच्या उजेडात गोल कानशीने साखळीचे दात घासत बसत होतो. त्यांत गावातील एक काका आले. त्यांच्या चेनसॉच्या ब्रेकचा पट्टा तुटलेला होता. करवतीच्या टोकाची वरची बाजू लाकडास लागली, की सबंध यंत्र उसळी मारून चालविणाऱ्याच्या अंगावर येते. त्या क्षणी पुढील दांडी मनगटास लागून हा पट्टा आवळला जातो आणि साखळी थांबते. नवा पट्टा येण्यास रस्ते मोकळे व्हावयास हवे होते.

आम्ही म्हटले, "काका, ब्रेकशिवाय हे देता येणार नाही."

ते म्हणाले, "अरे, गोठ्यावर फणस पडलाय, खाली गाय अडकलीय. ब्रेकचं मागाहून बघ. मी काय नवखा आहे?"

आम्ही साखळीस धार लावली आणि यंत्र दिले. गाय सुटली. दुसऱ्या दिवशी एका फांदीवर यंत्र उसळले आणि काकांच्या डाव्या खांद्यास अकरा टाके पडले. मान चार बोटांनी वाचली.

गावात त्यांनी आमचे नाव कोठेही घेतले नाही. महिन्याने हात गळ्यात बांधलेला असता ते पुतण्याकरवी तेच यंत्र घेऊन पडवीत आले आणि म्हणाले, "आता बसव तुझा तो पट्टा." पट्टा तोवर आलेला होता. आम्ही बसविला, दहा वेळा साखळी थांबवून दाखविली. त्यांनी पैसे पुढे केले, आम्ही हात मागे घेतला. तेव्हा ते रागावले आणि नोटा ऐरणीवर ठेवून गेले.

त्या दिवसापासून ब्रेक चालत नसलेले यंत्र आमच्या पडवीतून बाहेर जात नाही. गिऱ्हाईक तुटले तरी चालेल. नातलग असेल तर तो वर्षभर बोलत नाही, हाही अनुभव घेतला आहे.

सभागृहाच्या मागील मेजावर एक उघडलेले इंजिन, कार्बोरेटर आणि ब्रेकचा जुना व नवा पट्टा मांडून ठेवला आहे. टाकीत पेट्रोल नाही, साखळी काढलेली आहे. तेव्हा मुलांस खुशाल हात लावू द्यावा. भोजनाची पंगत बसेपर्यंत आम्ही तेथेच आहोत.