होम प्लेटमागचा माणूस

निवृत्त फौजी बोलणार म्हटल्यावर आज युद्धकथा ऐकायला मिळणार, असं काहींना वाटलं असेल. मी बेसबॉलवर बोलणार आहे. उठून जाऊ नका.

माझी मुलगी कॅलिफोर्नियात सॅन होजेला राहते. तिथे गेलो की सकाळी फिरायचं आणि संध्याकाळी नातवाशेजारी टीव्हीसमोर बसायचं, एवढीच माझी ड्युटी. सुरुवातीला खेळातलं ओ की ठो कळेना. मग एका माणसावर नजर खिळली. फलंदाजाच्या पाठीशी, होम प्लेटमागे, तोंडावर जाळी बांधून उकिडवा बसलेला कॅचर.

आपला विकेटकीपर वेगवान गोलंदाज आला की चांगला मागे सरकतो. हा सरकत नाही. ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास येणारा चेंडू, मध्ये फिरणारी बॅट, आणि असे चेंडू एका सामन्यात दीडशेच्या घरात. शिवाय पिचरने कुठला चेंडू टाकायचा, ते हाच बोटांच्या खुणांनी सुचवायचा. बाकीचे आठ जण फलंदाजाकडे बघत उभे असतात, सगळं मैदान समोर दिसतं ते फक्त याला. आमच्याकडे ऑब्झर्वेशन पोस्टवर असा माणूस बसवतात.

नातवाचा लाडका कॅचर म्हणजे बस्टर पोझी, सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा. पोझी जॉर्जिया राज्यातल्या लीसबर्ग या छोट्या गावचा. शाळा संपली तेव्हा, 2005 साली, व्यावसायिक संघांच्या निवडीत त्याचं नाव आलं ते थेट पन्नासाव्या फेरीत. म्हणजे जवळजवळ झाडून गोळा करताना. तो गेला नाही. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात दाखल झाला आणि पहिलं वर्ष शॉर्टस्टॉप म्हणून खेळला. ही मैदानातली देखणी जागा, धावत जाऊन चेंडू टिपायचा, टाळ्या घ्यायच्या. दुसऱ्या वर्षी प्रशिक्षकांनी त्याला कॅचर व्हायला सांगितलं.

हे वाचताना मला माझाच फुगलेला चेहरा आठवला. कॅप्टन असताना सीओ साहेबांनी मला रायफल कंपनीतून उचलून अ‍ॅडज्युटंट केलं होतं. सगळ्या पलटणीचं ओझं माथी, आणि कौतुक दुसऱ्यांचं. मी दोन महिने धुसफुसत होतो. या वीस वर्षांच्या पोराने मुकाट गुडघे वाकवले. तिसऱ्या वर्षी, 2008 मध्ये, त्याची फलंदाजीची सरासरी होती .463. बेसबॉलमध्ये दहापैकी तीनदा यश मिळालं तरी लोक पाठ थोपटतात, हे ध्यानात घ्या. त्याच हंगामात एका सामन्यात तो नऊच्या नऊ जागांवर खेळला. मग जायंट्सनी त्याला देशात पाचव्या क्रमांकावर निवडलं आणि करारावर सही करण्यापोटी 62 लाख डॉलर दिले.

एवढे पैसे मोजले म्हणून लगेच वरच्या संघात बसवत नाहीत, हे मला आवडलं. खालच्या लीगमध्ये घासून घेतात. 2009 मध्ये पोझी इथेच सॅन होजेच्या संघात खेळला, नंतर फ्रेस्नोला. सॅन होजेचं ते मैदान मी पाहिलंय. आपल्या जिल्हा क्रीडासंकुलाची आठवण यावी इतकं साधं. मेजर लीगचा पहिला सामना त्याला मिळाला 11 सप्टेंबर 2009 ला. पुढच्या वर्षीही सुरुवात पुन्हा फ्रेस्नोतच. मेअखेर वर बोलावलं, तरी बरेचदा पहिल्या बेसवर उभं केलं, कारण कॅचरची जागा अनुभवी बेंजी मोलिनाची होती. मोलिनाला टेक्सासच्या संघाकडे धाडलं तेव्हा ती जागा रिकामी झाली. त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजमध्ये हेच दोन संघ भिडले. जायंट्स जिंकले. सॅन फ्रान्सिस्कोत आल्यापासून, म्हणजे 1958 पासून, पहिल्यांदा.

25 मे 2011. सामना बाराव्या डावात. तिसऱ्या बेसवरचा धावपटू खांदा खाली घालून होम प्लेटकडे सुटला. चेंडू पोझीच्या हातात नीट आलेलाही नव्हता. टक्कर झाली, पाय शरीराखाली मुडपला, नडगीशेजारचं हाड मोडलं, घोट्याचे अस्थिबंध फाटले. हंगाम संपला. आणि त्या काळच्या नियमानुसार यात काही गैर नव्हतं! 2014 मध्ये नियम बदलला, धावपटूने मुद्दाम कॅचरला धडकायचं नाही. खेळ मिळमिळीत होईल, अशी ओरड झाली. आमच्या फायरिंग रेंजवरच्या बऱ्याच नियमांमागे कुणाचं तरी बोट गेलेलं असतं, त्यामुळे ती ओरड मला पटत नाही. पोझी स्वतः 2012 मध्ये परतला, त्याच जागी उकिडवा बसला, .336 च्या सरासरीने लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि संघाने पुन्हा वर्ल्ड सिरीज जिंकली. 2014 मध्ये तिसऱ्यांदा.

आता खरं सांगायचं ते.

2020 मध्ये कोविडच्या हंगामाआधी पोझीने खेळायला नकार दिला. त्याने आणि बायकोने जुळ्या मुली दत्तक घेतल्या होत्या, दिवस भरायच्या आत जन्मलेल्या. त्या वर्षीचा पगार सोडून तो घरी बसला. जावयाने हे सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून गेलं, "पलटण सोडून घरी?" मुलगी ओट्याशी होती. काही बोलली नाही. भांडी जरा जोरात ठेवली.

ती 1988 च्या हिवाळ्यात जन्मली, आठव्या महिन्यात, पावणेदोन किलोची. मी बर्फातल्या एका चौकीवर होतो. वायरलेसवर निरोप आला, मुलगी झाली, दोघी ठीक. जवानांनी शिरा केला. ती तीन आठवडे काचेच्या पेटीत होती, हे मला अडीच महिन्यांनी घरी आल्यावर कळलं. "ठीक" हा शब्द हिने घालायला लावला होता, माझं लक्ष उडू नये म्हणून.

पोझी 2021 मध्ये परत आला. सरासरी .304, आणि संघाने 107 सामने जिंकले, जायंट्सच्या इतिहासातला विक्रम. पुढच्या वर्षाचे 2 कोटी 20 लाख डॉलर समोर होते. नोव्हेंबरमध्ये त्याने निवृत्ती घेतली, वय 34. शरीर दुखतंय आणि घरच्यांबरोबर राहायचंय, इतकंच कारण.

त्या रात्री मी बायकोला विचारलं, "तेव्हा मला रजा मिळाली असती का गं?"

ती उशीचा अभ्रा बदलत होती. म्हणाली, "मागून बघितली होती का?"