जिल्ह्यांची क्रमवारी आणि उल्हासचे खोरे

परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात वर्षभरातील संशोधनाचा आढावा घेण्याची प्रथा असली, तरी तो छापील अहवालात आलेला असल्याने येथे एकाच प्रश्नाचा विचार केला आहे: हवामानबदलाचा धोका जिल्ह्यानुसार मोजावा की नदीच्या खोऱ्यानुसार?

हवामानबदलाचा सर्वाधिक फटका बसणारे प्रदेश ठरवताना जिल्हा हेच एकक धरले जाते. मंडी आणि गुवाहाटी येथील आयआयटी व बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांच्या राष्ट्रीय पाहणीनेही राज्यांची आणि जिल्ह्यांची असुरक्षितता, म्हणजे संकट आल्यास हानी होण्याची मूळचीच शक्यता, मोजून त्यांची क्रमवारी लावली. ठाणे जिल्ह्यात घोडबंदरचे मनोरे, शहापूरचे आदिवासी पाडे आणि उल्हासनगरातील पत्र्याखालचे कारखाने यांची जी एकत्र सरासरी निघते, ती यांपैकी कोणाचीच नसते.

उल्हास नदी खंडाळा-राजमाचीच्या डोंगरांत उगम पावून कर्जत व नेरळवरून, म्हणजे रायगड जिल्ह्यातून, ठाणे जिल्ह्यातील वांगणी आणि बदलापूरकडे येते. त्यामुळे बदलापूरचा पूर बव्हंशी शेजारच्या जिल्ह्यातील पावसाने ठरतो. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला हा आकडा सर्वांना पाठ आहे, परंतु त्याच पुरात बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर आणि कल्याण यांची झालेली दैना मुंबईच्या आठवणीत क्वचितच येते. जुलै 2019 मध्ये वांगणी-बदलापूर दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली, तेव्हा कुठे या खोऱ्याची देशभर चर्चा झाली. तीही गाडीमुळे, गावांमुळे नव्हे.

पुराच्या पूर्वसूचनेचेही एकक जिल्हा असावे की खोरे, यावर सहकाऱ्यांत दीर्घ वाद आहे. प्रस्तुत वक्त्यापुरता तो नदीकाठच्या एका चाळीत मिटला. तेथील एक आजी मुसळधार पावसाच्या रात्री कर्जतला दिलेल्या लेकीला फोन लावीत, ‘पूल दिसतो का गं?’ एवढेच विचारीत आणि लेक नाही म्हणाली की शेजाऱ्यांसह धान्याचे डबे माळ्यावर चढवीत. जिल्ह्याची सीमा त्यांच्या हिशेबात नव्हती. नदीचे खोरे मात्र अचूक होते. ज्या विद्वानांना हा पुरावा शास्त्रीय वाटत नाही, त्यांनी एक पावसाळा तळमजल्यावर काढावा.

पुराचे नकाशे मुळीच नाहीत, असे नव्हे. पंचवीस वर्षांतून सरासरी एकदा येणाऱ्या पुराची हद्द दाखवणारी निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल, अशा दोन पूररेषा असतात. पण त्या नदीकाठी बांधकाम कोठवर करावे एवढेच सांगतात, रेषेच्या आत आधीच राहणाऱ्याचा संसार किती दिवसांत सावरेल हे सांगत नाहीत. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून उल्हासनगरकडे जाणारी, सांडपाण्याने भरलेली वालधुनी नदी तर नाला समजूनच दुर्लक्षिली जाते. उष्म्याचीही तीच कथा: समुद्रापासून दूर असलेल्या बदलापूरच्या दुपारचा अंदाज कुलाब्याच्या तापमानावरून करणे हा निव्वळ आळस होय.

म्हणून पूर आणि उष्मा यांची खोरेनिहाय आणि प्रभागनिहाय नोंदवही तयार करण्याचे काम परिषदेने हाती घ्यावे. तिचा तपशील कार्यकारिणी ठरवील. तोवर नदीकाठच्या शाळांनी भिंतींवरील पुराच्या खुणा रंगकामात पुसण्यापूर्वी फीत लावून मोजून घ्याव्यात आणि वर्षासह लिहून ठेवाव्यात, ही विनंती.