यकृत, हृदय आणि आतडी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली गृहिणी आहे, डॉक्टरीण नव्हे. तरी या विषयावर आपण बायकांनीच बोलले पाहिजे. कारण घरातले तेल, मीठ आणि साखर आपल्याच हातून पडते.

मटणाच्या दुकानात आपण जिला कलेजी म्हणतो, तेच यकृत. ते उजव्या बरगड्यांखाली असते आणि मोठ्या माणसात सुमारे दीड किलो भरते. त्यात पाच टक्क्यांहून अधिक चरबी साठली म्हणजे डॉक्टर त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. बहुधा ते दुखत नाही की खुपत नाही. दुसऱ्याच कारणाने सोनोग्राफी केली म्हणजे कळते.

माझ्या जावेचे असेच झाले. पित्तखड्यांसाठी सोनोग्राफी केली, कागदावर हे नाव आले, आणि तिने तो कागद चार महिने पेटीत दडवला. का, तर "लिव्हर दारुड्यांचे बिघडते, लोक काय म्हणतील?" भगिनींनो, हा समज आधी टाकून द्या. दारूने यकृत बिघडते हे खरेच. पण ज्याने थेंबही घेतला नाही त्याच्याही यकृतात चरबी साठते. हा कलंक जावा म्हणूनही २०२३ साली जगातील डॉक्टरांनी या आजाराचे नाव बदलले.

आता आतड्यांचा संबंध पाहा. आतड्यांतून अन्नरस घेऊन निघालेले रक्त आधी यकृतात जाते, मग इतर शरीरात. म्हणजे आतड्यांत जे घडते त्याची झळ पहिली यकृताला. भाकरी, डाळी, पालेभाज्या यांतला चोथा आतड्यांतल्या चांगल्या जंतूंचे अन्न आहे. तो कमी झाला आणि साखर, मैदा वाढला की आतड्यांचे अस्तर दुबळे होते, नको ती द्रव्ये यकृतात शिरतात आणि तेथे दाह होतो. जादा साखरेचा तर काही भाग यकृतातच चरबी होऊन बसतो.

आणि हृदय? चरबीने भरलेले यकृत रक्तात अधिक चरबी व साखर सोडते. रक्तवाहिन्या आतून भरत जातात. म्हणूनच या रोग्यांपैकी यकृताच्या विकाराने दगावणाऱ्यांपेक्षा हृदयविकाराने दगावणारे अधिक असतात.

"मी तर काटकुळी, मला काय होणार?" असेही कोणी म्हणेल. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखे. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९ टक्के, तर याज्ञिकांची २१ टक्के! आपली चरबी पोटात दडते. तेव्हा काट्याबरोबर कमरेचा घेरही मोजा.

कुकडी-घोडच्या पाण्याने आपल्याकडे ऊस आला, टोमॅटो आला, पैसाही आला. पण बाजरी मागे पडली आणि चहाबरोबर बिस्किटाचे पुडे आले. पूर्वीचे सारेच चांगले होते असे मी म्हणणार नाही. पण हुलग्याचे शेंगोळे, नाचणीची भाकरी आणि मटकीची उसळ पुन्हा ताटात यावी. मासवडी सणावारी असू द्या. हिरड्याने पोट साफ होते, म्हणून यकृतासाठी मनाने काढे घेऊ नका; काही वनस्पतींनी यकृताला इजाही होते.

चालायला हवे, पण पहाटे उसाच्या कडेने नको. बिबट्याचे भय आपल्या जुन्नर-आंबेगावात नवे नाही. उजाडल्यावर चौघीजणींनी मिळून, रोज अर्धा तास भरभर चालावे. वजन जास्त असेल तर सत्तर किलोच्या बाईने हळूहळू पाच ते सात किलो उतरवावे. कडक उपास नकोत. वेळीच जपले तर यकृतातली चरबी ओसरते, ही मोठी आशेची गोष्ट आहे.

सरकारनेही २०२१ साली हा आजार आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. तिशी उलटलेल्या प्रत्येकीने आरोग्य केंद्रात साखर व रक्तदाब तपासावा. कागदावर हे नाव आलेच, तर तो पेटीत न ठेवता डॉक्टरांपुढे ठेवावा आणि हृदयाचीही चौकशी करावी. माझी जाऊ आता आमच्याबरोबर चालायला येते. आज ती समोरच बसली आहे आणि तिच्या परवानगीनेच मी हे सांगितले.

पुढच्या बैठकीला मंडळात मोजपट्टी आणू या. प्रत्येकीच्या कमरेचा घेर वहीत लिहू आणि तीन महिन्यांनी पुन्हा पाहू.