दूरच्या ताऱ्याची हांक आणि एकट्या साक्षीदाराची अडचण
(ज्युबिली व्याख्यानमालेंत धर्मग्रामाच्या सभागृहांत दिलेलें भाषण)



ज्युबिलीच्या व्याख्यानमालेंत धर्मगुरूनें चित्रपटावर बोलावें, हें आपणांपैकीं कांहीं वडीलधाऱ्यांस चमत्कारिक वाटलें असेल. गेल्या शनिवारीं ह्याच सभागृहांत तरुणमंडळानें 'कॉन्टॅक्ट' हा चित्रपट दाखविला. तो संपल्यावर एका मुलानें आम्हांस सर्वांदेखत विचारिलें, "फादर, शेवटीं ती बाई खरें बोलत होती कीं नाहीं?" आम्हीं मिस्सेची वेळ पुढें करून उत्तर टाळलें. आजचें भाषण म्हणजे त्या टाळलेल्या उत्तराची फेड होय.

ज्यांनीं चित्रपट पाहिला नाहीं त्यांच्यासाठीं कथा थोडक्यांत सांगतों. अमेरिकन ज्योतिर्विद कार्ल सेगन ह्यांनीं 1985 सालीं ह्याच नांवाची कादंबरी लिहिली. तिच्यावरून रॉबर्ट झेमेकिस ह्यांनीं काढलेला चित्रपट 1997 सालीं प्रदर्शित झाला. परंतु सेगन तो पाहावयास राहिले नाहींत, डिसेंबर 1996 मध्येंच ते निवर्तले. एली ॲरोवे ही नायिका रेडिओ-दुर्बिणीनें आकाशाकडे कान लावून बसलेली शास्त्रज्ञ आहे. न्यू मेक्सिकोच्या ओसाड माळावरील 27 तबकड्यांची जी दुर्बीण पडद्यावर दिसते ती खरीच आहे. तिच्यासारखीच, तीन भुजांत पसरलेली, 30 तबकड्यांची दुर्बीण आपल्या नारायणगांवजवळ खोडद येथें आहे. एके दिवशीं अभिजित् ताऱ्याकडून, म्हणजे सुमारें 25 प्रकाशवर्षांच्या अंतरावरून, ठोके ऐकूं येऊं लागतात: दोन, तीन, पांच, सात, अकरा. मूळ संख्या अशा क्रमानें वाजविण्याची संवय ताऱ्यांस नाहीं. कोणी तरी बुद्धिमान प्राणी बोलत आहे. त्या ठोक्यांच्या पोटांत 1936 सालच्या बर्लिन ऑलिंपिकच्या उद्घाटनाचें हिटलरचें दृश्य निघतें (पृथ्वीवरून बाहेर गेलेलें आमचें चित्र परत आलें, तें हें!) आणि त्याच्याही खालीं एका प्रवासी यंत्राचे आराखडे.

आतां ह्या सर्व अद्भुताआधींचा एक लहानसा प्रसंग घेऊं, कारण आम्हांस चित्रपटाचें मूळ तेथें दिसतें. एली लहान असतांना तिचा बाप हृदयविकारानें घरांतच कोसळतो. आई तिच्या जन्माच्या वेळींच गेलेली. प्रेतक्रियेनंतर एक धर्मोपदेशक त्या मुलीजवळ येतो आणि मोठ्या मायेनें सांगतो कीं, अशा गोष्टींचीं कारणें मनुष्यास नेहमींच कळत नाहींत, ती देवाची इच्छा म्हणून स्वीकारावी. मुलगी उत्तर देते कीं, खालच्या मजल्यावर औषध ठेवावयास हवें होतें, म्हणजे मला तें लवकर मिळालें असतें. एवढें बोलून ती आपल्या बिनतारी यंत्राकडे जाते आणि मेलेल्या बापाला हांका मारते.

बंधूंनो, हा प्रसंग पाहतांना आमची मान खालीं गेली. दीक्षा होऊन आम्हांस दोन वर्षें झालीं होतीं तेव्हांची गोष्ट. दुसऱ्या एका धर्मग्रामांत वाडीच्या पंपावर विजेचा धक्का लागून एक बाप गेला. कबरस्तानांत त्याच्या दहा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून आम्हीं हेंच वाक्य उच्चारिलें: बाळा, देवाची इच्छा. तो म्हणाला, "फादर, आईनें वायरमनला दोनदां निरोप दिला होता." देवाची इच्छा वेगळी आणि देव जें घडूं देतो तें वेगळें, ह्या भेदावर सेमिनरींत आम्हीं परीक्षा दिली होती, आणि गुणही चांगले मिळविले होते. कबरेपाशीं त्यांतलें एक अक्षर आठवलें नाहीं. मुलगा कारण सांगत होता. आम्हीं त्याचें तोंड बंद केलें. त्यानें आमच्याशीं पुन्हा तो विषय काढला नाहीं. चित्रपटांतील एली मोठेपणीं देवाचा पुरावा मागते, तेव्हां तिची मागणी आम्हांस उद्धटपणाची वाटत नाहीं. ज्या दिवशीं तिला खरें उत्तर हवें होतें त्या दिवशीं तिला तयार वाक्य मिळालें होतें.

पुढें यंत्रांत कोणास बसवावें हें ठरविण्यास एक समिति नेमिली जाते. तीवर पामर जॉस नांवाचा, सेमिनरी अर्ध्यावर सोडलेला, धर्मचिंतक असतो. तो एलीला विचारतो कीं, तुमचा देवावर विश्वास आहे काय? ती पुराव्याअभावीं होय म्हणूं शकत नाहीं, आणि तिची निवड होत नाहीं. तिचा प्रतिस्पर्धी ड्रमलिन समितीस गोड लागेल असें धार्मिक भाषण करतो व निवडला जातो. येथें आम्ही निःसंकोच एलीच्या बाजूचे आहों. नोकरीसाठीं दिलेली श्रद्धेची कबुली ही लांचाचीच एक जात आहे. ड्रमलिन मात्र फार दिवस जगत नाहीं. एक धर्मवेडा त्या यंत्रासच सुरुंग लावतो आणि त्यांत ड्रमलिन प्राणास मुकतो. त्या धर्मवेड्याविषयीं अधिक बोलण्याचें कारण नाहीं. दुर्दैवानें तो आपणां सर्वांस ओळखीचा आहे.

जपानांतील होक्काइडो बेटावर दुसरें यंत्र गुप्तपणें बांधलेलें असतें. त्यांतून एली जाते. तिच्या हिशेबानें ती 18 तास प्रवासांत होती. एका समुद्रकिनाऱ्यावर तिच्या बापाच्या रूपानें कोणी तरी तिच्याशीं बोललें. बाहेरून पाहणाऱ्यांच्या मतें गोळा यंत्रांतून सरळ खालीं पडला आणि क्षणभरांत सर्व आटोपलें. चौकशी बसते. पूर्वीं एलीनें जॉसला ओकमच्या वस्तऱ्याची आठवण दिली होती: दोन खुलाशांपैकीं साधा असेल तो घ्यावा. आतां चौकशी करणारा तोच वस्तरा तिच्या गळ्यास लावतो. (हा ओकम म्हणजे चौदाव्या शतकांतील फ्रान्सिस्कन संन्यासी, हें मात्र चित्रपटांत कोणी सांगत नाहीं. वस्तरा आमच्याच घरचा!) ती कबूल करते कीं, मला भ्रम झाला असणें शक्य आहे, सिद्ध करण्यास माझ्यापाशीं कांहीं नाहीं, परंतु जें अनुभवलें तें नव्हतें असें म्हणणें मला जमणार नाहीं.

हें दृश्य पवित्र शास्त्र वाचणारास अनोळखी नाहीं. रिकाम्या कबरेची वार्ता घेऊन मारिया माग्दालेना व इतर स्त्रिया आल्या, तेव्हां प्रत्यक्ष प्रेषितांसही ती बाष्कळ बडबड वाटली, असें संत लूक नमूद करतो. संत पौलही करिंथकरांस लिहितांना सांगतो कीं, आपण तिसऱ्या स्वर्गापर्यंत उचलले गेलों तें देहांत कीं देहाबाहेर, हें आपणांस ठाऊक नाहीं. खरा साक्षीदार पाहिलें त्याहून अधिक बोलत नाहीं. जेथें ठाऊक नाहीं तेथें ठाऊक नाहीं म्हणतो.

तथापि चित्रपटाशीं आमचा एक तंटा आहे. पामर जॉस एलीला विचारतो, तुझें बापावर प्रेम होतें काय, मग तें सिद्ध कर. ती निरुत्तर होते, आणि सभागृहांत कांहींनीं टाळ्याही वाजविल्या. आम्हीं वाजविल्या नाहींत. ज्या बापाला मुलगी बिनतारी यंत्रावर हांका मारते, त्याच्यावरील तिच्या प्रेमास पुरावा नाहीं असें कोण म्हणेल? श्रद्धा म्हणजे कारण न मागणारी आंतली भावना, ही जॉसची व्याख्या आहे, ख्रिस्तसभेची नव्हे. 1870 सालीं पहिल्या व्हॅटिकन परिषदेनें असें शिकविलें कीं, निर्मिलेल्या वस्तूंवरून, बुद्धीच्या स्वाभाविक प्रकाशानें, देव आहे हें निश्चितपणें जाणतां येतें. श्रद्धा बुद्धीच्या पुढें जाते, पण तिला उंबऱ्याबाहेर ठेवीत नाहीं. ल्युर्द येथें 1883 सालापासून वैद्यकीय तपासणीचें कार्यालय आहे. बरे झाल्याचे हजारों दावे तेथें आले, आणि चमत्कार म्हणून मान्य झालेले शंभराच्याही आंत आहेत. एलीची चौकशी पाहून ज्यांस राग आला त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. चौकशी होणें वाईट नव्हे. चौकशी करणाऱ्यानें एलीच्या यंत्रावर 18 तासांची नोंद, नुसत्या खरखरीची कां होईना, भरली होती ही गोष्ट दडपली, हें वाईट. पुरावा दडपण्याचें पाप येथें शास्त्राचेंही नाहीं आणि धर्माचेंही नाहीं. तें अधिकाराच्या खुर्चीचें आहे.

परग्रहावर कोणी असल्यास आपल्या धर्माचें काय होईल, हाही प्रश्न तरुणमंडळानें लिहून पाठविला आहे. फारसें कांहीं बिघडणार नाहीं. देवास अनेक जगें निर्माण करतां येणार नाहींत, हें मत पॅरिसच्या बिशपांनीं 1277 सालींच त्याज्य ठरविलें. व्हॅटिकनच्या वेधशाळेचे तत्कालीन प्रमुख फादर फ्युनेस ह्यांनीं 2008 सालीं अशा प्राण्यास बंधु म्हणण्यास हरकत नाहीं असें सांगितलें. आणि 2025 सालीं त्या वेधशाळेचें प्रमुखपद गोवा प्रांताचे येशूसंघी फादर रिचर्ड डिसोजा ह्यांजकडे आलें. तेव्हां आकाशांतून हांक आलीच, तर ऐकणारांत एक आपल्या बाजूचा माणूस असेल.

आतां शनिवारच्या प्रश्नाचें उत्तर. ती खरें बोलत होती. खरखरीची नोंद सांपडली म्हणून नव्हे. ती तर कथाकारानें आपली समजूत घालण्यासाठीं हळूच आपल्या हातीं ठेविली, आणि आमच्या मतें ठेविली नसती तर चित्रपट अधिक प्रामाणिक झाला असता. ती खरें बोलत होती असें आम्ही म्हणतों तें ह्यासाठीं कीं, देवावर विश्वास आहे असें खोटें सांगून ज्या दिवशीं तिला सर्व कांहीं मिळणार होतें, त्या दिवशीं ती खोटें बोलली नाहीं. अशा बाईनें सर्व कांहीं गमावण्याच्या वेळीं दिलेली साक्ष आम्ही सहसा नाकारणार नाहीं. जॉसही शेवटीं लोकांसमोर तिच्या बाजूस उभा राहतो. त्याबद्दल आमचा त्याच्याशीं असलेला तंटा आम्ही निम्मा माफ करतों.

दिवे लावावेत. प्रश्न विचारावयाचे असतील त्यांनीं विचारावेत. तो मुलगा मागच्या बांकावर बसलेला आम्हांस दिसतो आहे, त्यानें प्रथम उठावें. ज्याचें उत्तर आम्हांस ठाऊक नसेल त्यास ठाऊक नाहीं असें सांगूं.