एक भाकर, एक प्याला



आम्ही कामगार संघटनेतली माणसे. शाळेत थोडे शिकलो, बाकीचे युनियनच्या कचेरीतल्या जुन्या कपाटापुढे. तेव्हा ख्रिस्ती धर्मशास्त्रावर अधिकाराने बोलण्याचा आमचा आव नाही. पण मराठी बायबलात प्रभुभोजनाच्या प्रसंगी ‘भाकर’ हा शब्द भेटला आणि आम्ही थबकलो. भाकरीच्या लढ्यातच आमचा जन्म गेला!

अखेरच्या रात्री येशूने शिष्यांना भाकर मोडून दिली, द्राक्षारसाचा प्याला दिला, आणि हे आपले शरीर व रक्त असल्याचे सांगितले. ख्रिस्त त्यात साक्षात असतो की ते केवळ स्मरणचिन्ह, यावर १५२९ साली मारबुर्गला लूथर आणि झ्विंग्ली यांचेही एकमत झाले नाही. तो निवाडा पंडितांनी करावा. आम्हांला दिसते ते एवढेच, की येशूने गव्हाची ओंबी उचलली नाही, द्राक्षांचा घडही नाही. उचलले ते दळून, मळून, भाजून झालेले. तुडवून, आंबवून झालेले. माणसाचे श्रम त्या चिन्हात आधीच होते.

आता करिंथ शहराकडे चला. इ. स. ५५च्या सुमारास पौलाने तिथल्या मंडळीला पत्र लिहिले. तिथे काही जण आधीच जेवून घेत, पिऊन झिंगत, आणि गरीब उपाशी राहत. अभ्यासक म्हणतात, दास आणि कष्टकरी काम आटोपून उशिरा येत असावेत. पौलाने खडसावले, की हे प्रभुभोजनच नव्हे. आधी एकमेकांसाठी थांबा!

पुढे पश्चिमेकडील चर्चमध्ये प्याला फक्त धर्मगुरूंच्या ओठी उरला. भाकरीतही ख्रिस्त संपूर्ण असतो, शिवाय रस सांडण्याचे भय, अशी कारणे दिली गेली. १४१४ साली प्रागमध्ये सामान्यांना पुन्हा प्याला मिळू लागला. १४१५ साली कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेने त्याला मनाई केली, आणि त्याच परिषदेने यान हुसला पाखंडी ठरवले. त्याला जिवंत जाळण्यात आले. त्याच्या अनुयायांनी प्याला निशाणावर चढवला. वर्षानुवर्षे युद्ध झाले, तेव्हा १४३६ साली बोहेमियाच्या जनतेचा तो हक्क मान्य झाला.

मंडळी, घोटभर रसासाठी माणसे लढली नाहीत. एका प्याल्याचे आपणही वाटेकरी आहोत, यासाठी लढली. पंगतींनी माणसे तोडणाऱ्या आपल्या देशात हे समजावून सांगण्याची गरज नाही. पाळी संपवून उशिरा येणाऱ्यासाठी पंगत थांबते का, एवढेच आपण आपल्या घरी, आपल्या देवळात आणि आमच्या युनियनमध्येही विचारू या.